हाटवाटचा एक भागधारक

मस्तगड, जालना
१६ जुलै २०२५

चि. आकांक्षास,

बाबांचे आशीर्वाद. इथे आम्ही दोघं ठीक आहोत. आईचा गुडघा जसा होता तसाच आहे. पाऊस मध्ये दडी मारून बसला होता, परवा बरा झाला. वाटूरला दैवशाला आत्याच्या कपाशीत कोळपणी चालू आहे.

तुझा फोन बंद लागतो म्हणून तुझ्या मैत्रिणीला, मोनालीला फोन केला. ती म्हणाली, फोन आणि लॅपटॉप तू तपासासाठी जमा केलास, आणि नवा नंबर इतक्यात कुणाला द्यायचा नाही असं वकिलांनी सांगितलं आहे. "काका, तुम्ही माझ्या पत्त्यावर पत्र टाका, मी तिच्या हातात देते," असंही म्हणाली. अकरावीला तू लातूरला होतीस, त्यानंतर मी तुला पत्र लिहिलेलं नाही. पुण्याला टपाल किती दिवसांत जातं हेसुद्धा पोस्टात विचारावं लागलं.

हाटवाटच्या शेअरचा भाव बसला, हे तुला कळलं असेलच. माझं मत तुला पाठ आहे, तरी लिहितो. कंपनी मोठी झाली की मक्तेदारीची तक्रार येतेच. स्पर्धा आयोग नोटीस काढतो, वकील भांडत राहतात, शेवटी दंड होतो आणि कंपनीच्या कमाईपुढे तो किरकोळ असतो. गावोगावचा कारागीर आपला माल हाटवाटवर टाकतो, कारण गिऱ्हाईक तिथे आहे. गिऱ्हाईक तिथे येतं, कारण सगळा माल तिथे आहे. हे चाक एकदा फिरायला लागलं की कुणाच्या तक्रारीनं थांबत नाही. म्हणून मी पहिल्या दिवसापासून हे शेअर धरून आहे आणि पडत्या भावात भरच घालत आलो. दर रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये शेअर शिकायला येणाऱ्या लोकांनाही हेच सांगतो, की घाबरून विकू नका.

मागच्या रविवारीही तेच सांगत होतो. हॉल भरला होता. तक्रार काय आहे ते मी फळ्यावर लिहून समजावलं. जो विक्रेता दुसऱ्या ॲपवरही माल विकतो, त्याला हाटवाट शोधात इतकं खाली ढकलते की गिऱ्हाइकाला तो दिसतच नाही, असा आरोप. मी म्हणालो, हे पटण्यासारखं नाही. कोण कुठे विकतो याच्याशी यंत्राला काय देणंघेणं?

मागून एकानं विचारलं, "पण सर, कंपनीतल्याच कुणीतरी आयोगापुढं सांगितलं म्हणतेत."

मी म्हणालो, "असा एखादा निघतोच. कामावरून काढलेला असतो, नाहीतर दुसऱ्या कंपनीनं फोडलेला असतो."

पुढच्या रांगेत कल्याण बसला होता. परतूरला हार्डवेअरचं दुकान टाकलेला माझा विद्यार्थी, तू त्याला ओळखतेस. तो मोबाइल बघत होता. उठून माझ्याजवळ आला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलला, "सर, हे जरा बघून घ्या. ही आपली आकांक्षा हाय का?"

कंपनीनं पत्रक काढलं होतं. त्यात साक्ष देणारी म्हणून तुझं नाव होतं, आणि बातमीवाल्यांनी कुठून तरी तुझ्या ओळखपत्रावरचा फोटो मिळवून लावला होता.

त्यानंतर मी काय केलं ते मला कल्याणनं सांगितलं. मी म्हणे भिंतीजवळ गेलो आणि एकेक करून पंखे बंद करायला लागलो. माणसं अजून बसलेली होती.  मग कल्याणनं माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि मला मोटरसायकलवर घरी आणून सोडलं.

तू नोकरी सोडून चार महिने झाले हेही मला त्या पत्रकातच वाचायला मिळालं. या चार महिन्यांत तू दर आठवड्याला फोन करत होतीस आणि मी दर वेळी "ऑफिस काय म्हणतं?" असं विचारत होतो.

एक शब्द सांगायचा होतास. मी पैशाचं बोलत नाही. बोलत नाही म्हणतो, पण तेही मनात येतं, ते खोटं कशाला लिहू. तुझ्या तोंडचा एक शब्द मला पुरला असता.

तब्येतीला जप. मोनालीकडे जेवणाचे हाल होत नसतील अशी आशा करतो.

तुझे वडील,
भुजंग

* * *

मस्तगड, जालना
७ ऑगस्ट २०२५

चि. आकांक्षास,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. "बाबा, मला अजून थोडे दिवस काही सांगता येणार नाही, रागवा पण वाट बघा," एवढंच त्यात होतं. मी रागावलेलाच होतो. आता काय आहे ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून जे झालं ते ओळीनं लिहितो.

काल सकाळी दोघंजण घरी आले. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या खात्याची माणसं, एक वयस्कर गृहस्थ आणि एक तरुण बाई. दोघंही सभ्य. बाईंनी चपला बाहेर काढल्या. कंपनीच्या वकिलांनी आयोगापुढे असं म्हटलं आहे म्हणे, की साक्षीदाराच्या घरच्यांनी बातमी फुटण्याआधीच आपले शेअर विकून टाकले, फायदा करून घेतला, आणि मगच ही साक्ष झाली. तसं असेल तर तुझ्या साक्षीला काही किंमत राहत नाही आणि आपल्या सगळ्यांवर गुन्हा होतो. त्याचीच चौकशी करायला ते आले होते.

मी खुर्चीत बसून ऐकत होतो. पाणी द्यायचं भान मला राहिलं नव्हतं.

त्या बाईंनी विचारलं, "या वर्षात तुम्ही हाटवाटचे शेअर कधी विकले?"

"विकले नाहीत," मी म्हणालो. "घेतले."

"घेतले?"

"हो. मे महिन्यात. निवृत्तीचा थकीत हिशेब निघाला होता, तो सगळा त्यात घातला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी आपला चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, मुलीनं तुम्हाला खरंच काही सांगितलं नव्हतं का?"

"नाही. तेच माझं दुखणं आहे."

त्या बाई तुझ्याहून फार मोठ्या नसतील. त्या म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं असतं आणि तुम्ही विकले असते, तर आतल्या माहितीवर व्यवहार केला म्हणून आज आम्हाला तुमच्यावर कारवाई करावी लागली असती. आणि त्यांचं म्हणणं कुणी ऐकूनही घेतलं नसतं."

आकांक्षा, मी वर्गात हे शिकवलेलं आहे. कंपनीतली गुप्त माहिती हातात असताना शेअर घेणं-विकणं हा गुन्हा. मुलांकडून वहीत लिहून घेतलेलं आहे. पण तुझ्या गप्प राहण्याचं कारण हेच असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. त्या दिवसापासून मी एकच धरून बसलो होतो, की मुलीचा बापावर भरवसा नव्हता.

पण खरा धक्का अजून यायचा होता. स्वयंपाकघराच्या दारात तुझी आई उभी होती. ती म्हणाली, "मला सांगितलं व्हतं तिनं."

मी मागे वळून बघितलं. त्या बाईंचा पेन थांबला.

आई तिथूनच बोलली. "पाडव्याला आल्ती तवा. कंपनीत वाईट काम झालंय, मी नोकरी सोडली, आता मला सांगावं लागंल म्हणाली. आणि मला बजावलं, घरातलं काही विकायचं न्हाई, कुणाला बोलायचं न्हाई. बाबाला तर बिलकुल न्हाई."

"तुमच्या नावावर शेअर आहेत?" बाईंनी विचारलं.

"हायेत. यांनीच घेऊन दिलते. तसेच हायेत. बघा तुम्ही."

त्यांनी बघितलं. आईचे शेअर जागच्या जागी होते. चहा पिऊन ते गेले. जाताना गृहस्थ मला म्हणाले की लेखी उत्तर येईल, पण काळजी करू नका.

ते गेल्यावर मी दार लावून आत आलो. मग विचारलं, "मी मे महिन्यात मोबाइलवर शेअर घेत होतो तेव्हा तू समोर बसली होतीस."

"व्हते. ज्वारी निवडत व्हते."

"तुला माहीत होतं की हे बुडणार."

"माहीत व्हतं."

"मग हात का धरला नाहीस?"

ती म्हणाली, "धरला असता तर तुम्ही का म्हणून विचारलं असतं. मला खोटं बोलता येत न्हाई, तुम्हाला ठाऊक हाय. पैशाचं काय वाटलं न्हाई असं न्हाई. लई वाटलं. तुम्ही बटण दाबलं आणि माझ्याकडं बघून हसले, म्हणले, म्हातारपणाची सोय झाली. मंग मी उठून मागच्या अंगणात गेले."

मला ते आठवतं. ती उठून गेली हेही आठवतं. मला वाटलं, ज्वारी पाखडायला गेली.

इतकी वर्षं या बाईबरोबर संसार केला आणि तिच्या पोटात एवढं मावतं हे मला माहीत नव्हतं. रात्री आम्ही जेवलो, नेहमीसारखं. मी तिला भाकरी वाढायला गेलो तर तिला हसू आलं, कारण मी कधी वाढत नाही. 

मागच्या पत्रात एक शब्द सांगायचा होतास असं मी लिहिलं. तो तू सांगितला नाहीस हे बरं झालं, असं अजून माझ्या तोंडून निघत नाही. पण ते पत्र तुझ्याकडे असेल तर फाडून टाक.

आईनं मेथीचे लाडू करायला घेतले आहेत. मोनालीच्या पत्त्यावर पाठवू का ते कळव.

बाबा

* * *

मस्तगड, जालना
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय आकांक्षा,

त्या खात्याचं लेखी उत्तर आलं. आपल्या घरावर काही ठपका नाही. आयोगाचा निकालही तू वाचलाच असशील, तुझ्या वकिलांनी फोन करून सांगितलं असेल. तरी इथे काय काय झालं ते तुला कोण सांगणार, म्हणून लिहायला बसलो.

ऑगस्टच्या शेवटी मी संपतला भेटायला परतूरला गेलो होतो. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, पण दोन वर्षांत मी त्याच्या घराची पायरी चढलो नव्हतो. तण काढायचं, सायकलच्या चाकाचं कोळपं तो आपल्या छोट्या कारखान्यात किती सुंदर करायचा. हाटवाटवरून नाशिक-सांगलीपर्यंत जायचं. मग विक्री एकदम बंद झाली आणि तो जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये कामाला लागला. आपण सगळे म्हणालो, धंदा आहे, कधी चालतो, कधी नाही.

त्या दिवशी त्याला सुट्टी होती. मी तुझा विषय काढला. तो म्हणाला, "मामा, मला वाटायचं माझ्या मालातच खोट हाय. मागं पडून राह्यलेली कोळपी मी एकेक खोलून बघितली. वेल्डिंग बघितलं, पात्याचा वाक बघितला, चाकं बदलली. भाव उतरवला. तरी कुणी विचारीना. मंग बायकोला म्हणलं, मला हे कामच येत न्हाई, उगंच लोकांनी चढवून ठेवलं व्हतं."

आणि मग म्हणाला, "आकांक्षा पाडव्याला आल्ती. मला म्हणली, दादा, दुसऱ्या ॲपवर माल कधी टाकला व्हता? मी सांगितलं, अमक्या महिन्यात, अन् तवापासूनच विक्री बंद झाली. ती लगेच उठली. पाणी दिलं तेही पिली न्हाई."

मी विचारलं, "तिचा राग येत नाही तुला?"

"येतो की. यंत्रातलं ते बटण मीच बनवलं असं आयोगापुढं म्हणली ना ती. कोण दुसरीकडं विकतो ते हुडकून त्याला खाली टाकायचं. राग येतो. पण तिनं जाऊन सांगितलं तरी. बाकीचे बनवणारे तिथंच बसून राह्यले."

परत येताना बसमध्ये मला वाटूर कधी गेलं ते कळलं नाही. संपतनं आपलंच कोळपं खोलून त्यातली खोट शोधावी, आणि ती खोट शेकडो मैल दूर एका पडद्यात असावी. कंपनीच्या वाढीचे आलेख मी फळ्यावर काढत होतो तेव्हा त्या वर जाणाऱ्या रेघेत संपतही होता. त्याची विक्री थांबली म्हणून दुसऱ्या कुणाचा तरी माल खपला.

सप्टेंबरात कंपनीची वार्षिक सभा झाली. मोबाइलवरच असते. मी दरवर्षी नाव नोंदवून दोन मिनिटं बोलतो आणि दरवर्षी अभिनंदन करतो. या वेळी कल्याणला शेजारच्या खोलीत त्याच्या फोनवर सभा लावून बसवलं आणि माझी पाळी आल्यावर विचारलं, "अध्यक्ष महाराज, मी जालन्याचा भागधारक, सुरुवातीपासूनचा. दुसरीकडे विकणाऱ्याला खाली टाकणारं बटण आपल्या यंत्रात होतं का?"

अध्यक्ष म्हणाले, प्रकरण आयोगापुढे आहे, बोलणं योग्य नाही.

मी म्हणालो, "आयोग काय म्हणेल ते मी विचारत नाही. मी या कंपनीचा एक मालक आहे. माझ्या घरात काय आहे ते मला कळू द्या. बटण होतं का?"

 मग सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "सर, आपला आवाज आमच्यापर्यंत येत नाही आहे, आपण पुढच्या भागधारकांकडे वळू."

कल्याण दारात येऊन उभा राहिला. "सर, आवाज बराबर येत व्हता. शब्द न् शब्द."

मी फोन हातात धरून तसाच बसलो. इतकी वर्षं अभिनंदन करताना माझा आवाज त्यांना कधी कमी ऐकू आला नव्हता.

मग निकाल आला. बटण होतं, ते जाणूनबुजून ठेवलं होतं, काढून टाका, दंड भरा. तुझं म्हणणं खरं ठरलं. मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं पदर डोळ्याला लावला आणि लगेच म्हणाली, "तिला जेवायला काय देत असतील वकील लोक."

दुसऱ्या दिवशी बाजार उघडला आणि हाटवाट वर गेली. चांगलीच वर गेली. दंड लोकांना वाटला होता त्यापेक्षा हलका होता, टांगती तलवार गेली, कंपनी तशीच मजबूत आहे असं सगळे म्हणायला लागले. रविवारच्या मंडळींचे फोनवर फोन. एकजण पेढे घेऊन घरी आला. "सर, तुम्ही म्हणलेच व्हते. धरून बसा, काही होत न्हाई."

मी म्हणालो होतो खरंच. तक्रार, वकील, दंड, दंड किरकोळ, भाव पुन्हा वर. भावाबद्दल माझं एकही वाक्य चुकलं नव्हतं. पेढा हातात होता आणि मला तो खाता येईना. आयुष्यात चुकीचं ठरल्याचा धक्का मला बरेचदा बसला आहे, बरोबर ठरल्याचा पहिल्यांदा बसला. तू नोकरी घालवलीस, संपतचा कारखाना गेला, आणि बाजारानं ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, एवढंच ना.

तो निघून गेल्यावर मी आईजवळ बसलो आणि तिला म्हणालो, "पोरगी म्हणते बटण मी लिहिलं. लिहिलं असेल. पण ते ज्यांच्या फायद्यासाठी लिहिलं ते मालक आपण." ती म्हणाली, "मंग मालकानं काय करायचं असतंय?" 

मागच्या आठवड्यात मी शेअर विकले. आता माहिती सगळ्यांसमोर आहे, त्यामुळे त्यात गैर काही नाही, त्या खात्यातल्या बाईंना फोन करून विचारूनही घेतलं. आईचेही तिच्या सांगण्यावरून विकले. एक शेअर माझ्या नावावर ठेवला आहे. एका शेअरवाल्यालाही सभेत बोलता येतं. पुढच्या वर्षी मी पुन्हा विचारणार, अजून काय काय आहे आत. आवाज येत नाही म्हणाले तर मुंबईला जाऊन दारात उभा राहून विचारीन.

रविवारी हॉलमध्ये मी हे सगळं सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं, आणि त्या दिवशी फोडलेला माणूस म्हणालो होतो ते शब्द मागे घेतले. एकानं विचारलं, "पण सर, एका वाक्यात सांगा, कंपनी चांगली हाय का न्हाई?" मी म्हणालो, धंदा चांगला आहे. एवढं म्हणून फळा पुसायला लागलो. काही लोक उठून गेले. त्यांना माझ्याकडून हे सगळं ऐकायचं नव्हतं. संपत मात्र शेवटपर्यंत मागे उभा होता. कोळपी पुन्हा सुरू करशील का विचारलं तर म्हणाला, आता मिलमध्ये महिन्याचा पगार असतो, बघू.

कंपनी तुझ्यावर वेगळा दावा लावणार असं मोनाली म्हणते. लावू दे. सुनावणीला मी येईन, मागच्या बाकावर बसेन, मध्ये बोलणार नाही.

दिवाळी जवळ आली. तुझा फोन परत मिळो न मिळो, तू घरी ये. गल्लीतले लोक विचारतील, कुणी वाकडं बोलेल, कुणी फोटो काढायला येईल. येऊ देत. आई सारखी रस्त्याकडे बघते आणि मी बघत नाही असं दाखवतो.

एवढं लांबलचक लिहिलं आणि जे लिहायला बसलो ते राहूनच जात होतं. तू केलंस ते बराबर केलंस. मला सांगितलं नाहीस, तेही बराबर केलंस.

तुझ्या बाजूचा,
बाबा